परसांतील पांखरें आणि सेलबोर्नची वही

इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या स्वाऱ्या, तह आणि राज्याभिषेक ह्यांना भरपूर जागा मिळते. अमक्या खेड्यांत भिंगऱ्या कोणत्या दिवशीं परत आल्या, काकडीचें बीं केव्हां पेरलें, घुबडाचें जोडपें एका तासांत किती खेपा करतें, असल्या गोष्टींना तेथें थारा नसतो. तथापि अशाच बारीकसारीक गोष्टींनीं भरलेलें एक इंग्रजी पुस्तक १७८९ सालापासून आजवर पुन्हां पुन्हां छापलें जात आहे. त्याचा कर्ता कोणी दर्यावर्दी नव्हता, कीं मोठ्या विद्यापीठाचा आचार्य नव्हता. तो एका खेडेगांवचा धर्मोपदेशक होता, आणि त्याच्या संशोधनाचें मुख्य क्षेत्र म्हणजे त्याच्या घरामागचें परसूं. त्या गृहस्थांचें नांव गिल्बर्ट व्हाइट, आणि त्या गांवाचें नांव सेलबोर्न.

सेलबोर्न हें दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यांतील लहानसें खेडें. तेथेंच १८ जुलै १७२० रोजीं व्हाइट ह्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें आणि तेथील फेलोही ते झाले. मनांत आणतें तर त्यांना दुसरीकडे अधिक उत्पन्नाची जागा मिळाली असती. परंतु सेलबोर्न सोडून जाण्यास त्यांचें मन घेईना. गांवच्या मुख्य धर्मोपदेशकाची जागा मॅग्डालेन कॉलेजाच्या हातीं होती. व्हाइट पडले ओरिएलचे. त्यामुळें जन्मगांवीं ती जागा त्यांना कधींच मिळाली नाहीं. सेलबोर्न आणि शेजारपाजारचीं गांवें येथें दुय्यम उपदेशकाचें काम करण्यांतच त्यांचें बहुतेक आयुष्य गेलें. ते अविवाहित होते. शिवाय घोडागाडीच्या प्रवासांत त्यांना मळमळ होई, म्हणून लांबचे प्रवास ते शक्यतों टाळीत. लौकिक दृष्टीनें पाहतां हा सगळा उणेपणाच होय. परंतु ह्या उणेपणामुळेंच एक चौकस मनुष्य एकाच जागीं चाळीसांवर वर्षें डोळे उघडे ठेवून बसला, आणि त्याचा लाभ जगाला झाला.

त्यांच्या घराचें नांव ‘वेक्स’. घरामागें बीच वृक्षांनीं झांकलेली एक उभी टेकडी आहे. तिला ‘हँगर’ म्हणतात. १७५३ सालीं व्हाइट आणि त्यांचे बंधु जॉन ह्यांनीं ह्या टेकडीवर वळणावळणाची पाऊलवाट काढली. ती वाट आजही चालती आहे. त्या काळीं श्रीमंत लोक आपल्या बागांत संगमरवरी पुतळे उभे करीत. व्हाइट ह्यांना तो खर्च कोठून झेपणार? त्यांनीं लांकडी फळीचा हर्क्युलीस कापून घेतला, त्याला पाषाणासारखा रंग दिला आणि लांबून दिसेल असा बागेच्या टोंकास उभा केला! हौसेला मोल नसतें, परंतु हौस थोड्या मोलांत भागवितां येते, हें ह्या गृहस्थांना चांगलें ठाऊक होतें.

१७५१ सालीं त्यांनीं बागेची एक वही घातली. ह्या वहीस ते ‘गार्डन कॅलेंडर’ म्हणत. कोणत्या तारखेस कोणतें बीं पेरलें, अंकुर केव्हां आले, दंव केव्हां पडलें, फळ केव्हां धरलें, एवढाच प्रथम तिचा विषय होता. वसंत ऋतूंत व्हाइट ह्यांचें सारें लक्ष खरबुजांच्या व काकड्यांच्या वाफ्यांवर असे. इंग्लंडच्या थंडींत हीं फळें उघड्यावर सुखानें पिकत नाहींत. म्हणून घोड्याच्या ताज्या लिदीचा जाड थर द्यावयाचा, त्यावर माती पसरावयाची आणि वर कांचेचें झांकण ठेवावयाचें. लीद कुजूं लागली म्हणजे तिच्यांतून उष्णता निघते आणि त्या उबेनें बीं रुजतें. ऐकावयास ही युक्ति सोपी आहे. पण ऊब अधिक झाली तर मुळें करपतात आणि कमी पडली तर बीं मातींतच सडतें. लिदीच्या गाड्यांच्या गाड्या येऊन पडत, आणि ह्या वाफ्यांसाठीं व्हाइट दिवसांतून अनेक वेळां बागेंत जात. झांकण उघडण्यासाठीं ते पहांटे बाहेर पडत आणि तें लावण्यासाठीं तिन्हीसांजेस पुन्हां जात. ह्याच वेळीं पांखरें बोलतात. रोपांची राखण करतां करतां त्यांचे कान पांखरांकडे लागले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

डेन्स बॅरिंग्टन नांवाच्या न्यायाधीशांनीं निसर्गनोंदीसाठीं एक छापील कोष्टक तयार केलें होतें. वारा कोणत्या दिशेचा, वायुभारमापकाचा व तापमापकाचा आंकडा काय, पाऊस किती पडला, कोणतें फूल उमललें, कोणता पक्षी प्रथम दिसला किंवा दिसेनासा झाला, अशीं त्यांत घरें आंखलेलीं होतीं. व्हाइट ह्यांचे बंधु बेंजामिन हे लंडनमध्यें पुस्तकांचे प्रकाशक होते आणि हीं कोष्टकें त्यांनींच छापलीं. १७६८ च्या आरंभापासून व्हाइट ह्यांनीं हीं कोष्टकें भरावयास घेतलीं, तीं जून १७९३ मध्यें मृत्यु येईपर्यंत. म्हणजे पंचवीस वर्षें हा नेम चालला. बागेची वही हळूहळू सबंध गांवाच्या सृष्टीची रोजनिशी झाली.

अशा नोंदीचें फळ काय, हें एका उदाहरणानें कळेल. इंग्लंडांत वसंतांत येणारा, हिरवट पिंवळ्या रंगाचा, चिमणीहून लहान असा एक वटवट्या असतो. हे पक्षी दिसण्यांत इतके सारखे कीं लोक त्यांना सरसकट एकाच नांवानें ओळखीत. व्हाइट ह्यांच्या कानांस मात्र झाडींतून तीन निराळीं गाणीं ऐकूं येत. एक पक्षी दोनच सूर पुन्हां पुन्हां आपटीत असे. दुसऱ्याचें गाणें गोड आणि उतरत्या चालीचें होतें. तिसरा उंच बीचच्या शेंड्यावर बसून पंख थरथरवीत सुसकाऱ्यासारखा आवाज काढी. गाणीं तीन, तर गवई एक कसा? त्यांनीं पक्षी हातीं घेऊन आकार, रंग आणि पंखांचीं पिसें ताडून पाहिलीं, आणि १७६८ च्या ऑगस्टमध्यें थॉमस पेनंट ह्या प्राणिशास्त्रज्ञांस लिहून कळविलें कीं ह्या तीन निरनिराळ्या जाती आहेत. आजचें शास्त्र हाच निर्णय मानतें. मेलेल्या पक्ष्याचें कातडें पाहून जाति ठरविण्याचा तो काळ होता. जिवंत पक्ष्याचा स्वर हाही पुरावा आहे, हें एका बागकाम करणाऱ्या गृहस्थांनीं सिद्ध केलें.

गांवच्या देवळाच्या वळचणीस गव्हाणी घुबडांचें एक जोडपें पिलें वाढवीत असे. व्हाइट संध्याकाळीं हातांत घड्याळ घेऊन एकेक तास तेथें उभे राहत. दर पांच मिनिटांच्या सुमारास दोहोंपैकीं एक घुबड उंदीर घेऊन घरट्याकडे येतें, असें त्यांना आढळलें. घुबड म्हणजे अपशकुन, ही समजूत आपल्याइतकीच त्याही देशांत रुजलेली होती; परंतु दर पांच मिनिटांस एक उंदीर, हा हिशेब ज्यानें मांडला त्याला घुबड हा शेतकऱ्याचा बिनपगारी नोकर आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. एका मित्रानें तर वाद्यें जुळविण्याच्या शिट्टीनें घुबडांचा स्वर तपासला आणि आसपासचीं सारीं घुबडें बी-फ्लॅटमध्यें, म्हणजे आपल्या पेटीच्या काळी पांचमध्यें घुमतात, असें सांगितलें. मागाहून एका शेजाऱ्यास कांहीं घुबडें काळी तीनमध्यें, तर कांहीं काळी चारमध्यें घुमतांना आढळलीं. हा फरक निरनिराळ्या जातींचा, कीं केवळ व्यक्तींचा? व्हाइट ह्यांनीं प्रश्न मांडला आणि पुराव्यावांचून उत्तर देण्याचें नाकारलें. मधमाशांना ऐकूं येतें काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं पोळ्याजवळ मोठा कर्णा धरून ओरडूनही पाहिलें. माशा निमूटपणें आपलें काम करीत राहिल्या.

त्यांच्या दृष्टीची खोली पाहावयाची असेल तर गांडुळांविषयींचें त्यांचें १७७७ सालचें पत्र पाहावें. गांडुळें रोपांचा नाश करतात, म्हणून माळी त्यांचा द्वेष करीत. व्हाइट ह्यांनीं दाखवून दिलें कीं हे क्षुद्र जीव जमीन पोखरून भुसभुशीत करतात, पाऊस व मुळें आंत शिरण्यास वाट करून देतात, पानांचे तुकडे बिळांत ओढून नेतात आणि बारीक मातीच्या ढिगाऱ्यांच्या रूपानें खत वर आणून टाकतात. तीं नाहींशीं झालीं तर जमीन टणक व निःसत्त्व होईल. चार्ल्स डार्विन ह्यांनीं विद्यार्थिदशेंत व्हाइट ह्यांचें पुस्तक वाचलें होतें, आणि त्यामुळें आपणांस पांखरें पाहण्याची गोडी लागली असें आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. ह्याच डार्विननीं गांडुळांचा अभ्यास अनेक वर्षें आपल्या राहत्या घरीं व परसांत केला आणि १८८१ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका परसांतील विचार दुसऱ्या परसांत असा फळास आला.

परंतु ह्या कथेंतील सर्वांत उद्बोधक भाग व्हाइट ह्यांच्या यशाचा नसून त्यांना न सुटलेल्या कोड्याचा आहे. हिंवाळ्यांत भिंगऱ्या जातात कोठें? त्या तळ्याच्या गाळांत किंवा झाडांच्या ढोलींत निद्रिस्त पडतात, असें त्या काळचे मोठमोठे विद्वान् मानीत. व्हाइट ह्यांचे बंधु जॉन जिब्राल्टरच्या ठाण्यावर धर्मोपदेशक होते. भिंगऱ्यांचे थवेच्या थवे सामुद्रधुनी ओलांडतांना त्यांनीं पाहिले होते, आणि त्यांच्या साक्षीवर व्हाइट ह्यांचा विश्वासही होता. तरीसुद्धां शरद् ऋतूच्या अखेरीस, सर्व भिंगऱ्या निघून गेल्यावर, एखाद्या उबदार दिवशीं दोनचार भिंगऱ्या अकस्मात् दिसत. ह्या येथेंच कोठें दडल्या असल्या पाहिजेत, अशी शंका त्यांचें मन सोडीना. १७८१ सालीं त्यांनीं माणसें लावून टेकडीवरचीं झुडपें धुंडाळलीं. एकही निद्रिस्त भिंगरी मिळाली नाहीं. त्यांनीं तें तसेंच लिहून ठेवलें. आपल्या तर्काविरुद्ध गेलेला शोध वहींतून गाळण्याचा मोह त्यांना झाला नाहीं, ही गोष्ट तीन वटवटे ओळखण्याइतकीच मोलाची आहे.

हें कोडें सुटलें तेंही घरगुती निरीक्षकांच्याच हातून. १८९९ सालीं डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील एक शाळामास्तर हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन ह्यांनीं आपल्या आकड्यांच्या ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्या तयार केल्या आणि खोक्यांत घरटीं करणाऱ्या १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत त्या घातल्या. कडी जेथें सांपडेल तेथून पत्ता कळावा, ही त्यांतील कल्पना. पुढें ही पद्धति इंग्लंडांत गेली. स्टॅफर्डशायरमधील चीडल येथें जॉन मेसफील्ड नांवाचे एक वकील राहत असत. ह्याच नांवाचे कवि ते हे नव्हेत. त्यांच्या घराच्या देवडींत एका भिंगरीनें घरटें केलें होतें. ६ मे १९११ रोजीं त्यांनीं तिच्या पायांत कडी घातली. ती भिंगरी २३ डिसेंबर १९१२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत सांपडली. शेंकडों वर्षांच्या वादाचा निकाल वकिलाच्या देवडींतील एका पांखरानें दिला! व्हाइट ह्यांच्या मृत्यूस तोंवर ११९ वर्षें लोटलीं होतीं.

पाकोळ्यांचीही अशीच कथा. सेलबोर्नमध्यें दरसाल आठच जोडपीं येतात. तीं हवेंतच समागम करतात. आणि ऑगस्ट लागतांच, अन्न भरपूर असतांनाही, निघून जातात, असें व्हाइट ह्यांनीं लिहिलें होतें. २०१६ सालीं स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं पाकोळ्यांच्या अंगावर अत्यंत हलकीं यंत्रें बसवून सिद्ध केलें कीं वीण आटोपल्यावर कांहीं पाकोळ्या दहा महिने जमिनीस न टेकतां हवेंतच राहूं शकतात. खेड्यांतील गृहस्थांनीं जो धागा हातीं धरला, तो पुढच्या पिढ्यांना असा लांबवर नेतां आला.

व्हाइट ह्यांनीं पेनंट व बॅरिंग्टन ह्यांना लिहिलेल्या पत्रांचें पुस्तक बंधु बेंजामिन ह्यांनीं १७८९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटला. सेलबोर्नच्या देवळाच्या आवारांत व्हाइट ह्यांची समाधि आहे. तिच्या साध्या दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें आणि मृत्यूची तारीख एवढेंच कोरलेलें आहे. ‘वेक्स’ हें त्यांचें घर आज संग्रहालय झालें आहे.

ह्या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रांतही रुजली. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्यांचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं लॅटिन शिकविलें आणि नंतर मीठ व जकात खात्यांत नोकरी केली. १८८३ सालीं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हें त्यांचें पुस्तक निघालें. नांवावरून हें सरहद्दीवरील टोळ्यांचें वर्णन वाटावें. परंतु ह्या टोळ्या म्हणजे बंगल्यांतील उंदीर, पाली, मुंग्या, डांस आणि कावळे! त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत एटकेन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले नामांकित वैद्यकी चिकित्सकही होते. भायखळ्याच्या म्युझियममध्यें ही मंडळी महिन्यांतून एकदां जमत आणि आपापल्या नोंदी एकमेकांस वाचून दाखवीत.

पुढें ह्याच संस्थेशीं आयुष्यभर निगडित झालेले डॉ. सलीम अली १९३० सालीं जर्मनींतून पक्षिशास्त्र शिकून परत आले, तों त्यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळील किहीम येथें समुद्रकांठच्या घरीं ते येऊन राहिले. जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसलेल्या मनुष्याजवळ वेळ भरपूर असतो. सलीम अलींनीं तो ह्या घरट्यांपुढें बसून सत्कारणीं लावला. त्यांना जें दिसलें तें असें: घरटें विणतो तो नर. तें अर्धेंमुर्धें झालें कीं माद्या येऊन त्याची तपासणी करतात. एखादीस तें पसंत पडलें म्हणजे ती तेथें संसार मांडते आणि नर घरटें पुरें करतो. नंतर दुसऱ्या मादीसाठीं तो नवें घरटें विणूं लागतो. १९३१ सालीं हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेनें ह्या पक्ष्याला ‘सुगरण’ हें गृहिणीचें नांव देऊन विणकामाचें सारें श्रेय मादीस दिलें होतें. शेंकडों वर्षें बांधावरच्या बाभळीला लोंबणारें हें घरटें प्रत्येकानें पाहिलें, पण तें विणणारा कोण, हें पाहण्यासाठीं बसून राहणारे थोडेच निघाले.

आतां ह्या साऱ्याचा आजच्या शहरांतील घराशीं संबंध काय? संबंध असा कीं जें सहज दिसतें तें नेहमींच दिसेल, हा भरंवसा राहिलेला नाहीं. व्हाइट ह्यांनीं ज्यांचे बारकावे टिपले ती पाकोळी आणि घरभिंगरी हे दोन्ही पक्षी ब्रिटनमध्यें २०२१ सालीं सर्वाधिक चिंतेच्या लाल यादींत आले. आपल्या शहरांत चिमणी दिसेनाशी झाली, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. नाशिकच्या महंमद दिलावर ह्यांच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमणीसाठीं पाळला जातो. ही तक्रार कितपत खरी? भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२० सालीं जो अहवाल निघाला, त्यांत देशभरांतील चिमण्यांची संख्या एकंदरींत स्थिर असल्याचें दिसून आलें, परंतु मोठ्या शहरांत ती घटल्याचेंही आढळलें. म्हणजे शहरवासीयांचा अनुभव खोटा नव्हता. मात्र त्यावरून सबंध देशाचें अनुमान काढणें चुकीचें होतें. हा विवेक करतां आला तो केवळ नोंदींमुळें. २०२३ च्या पुढील अहवालासाठीं तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या सुमारें तीन कोटि नोंदी उपयोगांत आल्या. त्यांतील कित्येक नोंदी गच्चींतून, खिडकींतून आणि परसांतून केलेल्या आहेत. ब्रिटनमध्यें १९७९ सालीं शाळकरी मुलांसाठीं सुरू झालेली बागेंतील पक्ष्यांची तासाभराची मोजणी आज तेथें वार्षिक प्रघात झाली आहे; भारतांतही दरसाल फेब्रुवारींत परसांतील पक्ष्यांची चार दिवसांची मोजणी होते.

आपल्याकडे वसंत येतो तो इंग्लंडासारखा बर्फ वितळवीत येत नाहीं. पानझड होते, पांगारा व सांवर फुलतात, आंब्याला मोहोर येतो आणि कोकिळाचा स्वर दिवसेंदिवस चढत जातो. ज्यांना अंगण आहे त्यांनीं एक जास्वंद, एक कढीलिंब आणि थोडी मोकळी माती राखली तर शिंजीर, बुलबुल, दयाळ आणि चिमण्या ह्यांना तेवढें पुरतें. ज्यांना केवळ सज्जा आहे त्यांना दोन कुंड्या आणि उन्हाळ्यांत पाण्याचें एक उथळ भांडें ठेवतां येतें. तें रोज धुवावें, म्हणजे त्यांत डांस होत नाहींत. आणि त्याशेजारीं एक वही असावी. तारीख, वेळ, पक्षी, तो काय करीत होता, एवढें लिहिण्यास दोन मिनिटें लागतात. पहिल्या वर्षीं त्या ओळींत विशेष कांहीं दिसणार नाहीं. पांचव्या वर्षीं दयाळ कोणत्या आठवड्यांत गाऊं लागतो हें कळूं लागेल. विसाव्या वर्षीं ती वही त्या गल्लीचा इतिहास झालेली असेल. आणि एखादें पांखरूं दिसेनासें झालें तर तें कधींपासून, ह्याचें उत्तर केवळ तिच्यांतच सांपडेल.